देवळाली कॅम्पच्या उद्याच्या कारभाऱ्यांना खुले पत्र : तोफेशेजारी रडारलाही जागा द्या

देवळाली कॅम्पच्या होऊ घातलेल्या लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना,

स.न.वि.वि.

हे पत्र नेमकं कोणाच्या टेबलावर पडेल हे आज कोणीच सांगू शकत नाही, म्हणून ते उघड लिहितोय. कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या एप्रिल २०२३ मध्ये व्हायच्या निवडणुका ऐनवेळी रद्द झाल्या. पुढच्या वर्षी ज्या दहा छावण्यांचा नागरी भाग वेगळा काढून शेजारच्या नागरी संस्थेत घालण्याच्या मसुदा अधिसूचना निघाल्या, त्यांत देवळालीही होती. हे काम उद्या पुरं होईल की आणखी काही वर्षं रखडेल, ते दिल्लीला ठाऊक. पण कधीतरी इथले रस्ते, नळ, दिवे, बाजार आणि चौक तुमच्या ताब्यात येणार. मला चौकांविषयी बोलायचं आहे, आणि थोडं कपाटांतल्या जुन्या रजिस्टरांविषयी.

या हिवाळ्यात एका लग्नासाठी नाशिकला आलो होतो. अक्षता दुपारी होत्या, म्हणून सकाळी बिटको चौकातून रिक्षा केली आणि लॅम रोडने कॅम्पात गेलो. विहितगाव कुठे संपलं आणि कॅम्प कुठे लागला ते कळलंच नाही. जिथे पूर्वी हवा बदललेली अंगाला जाणवायची, तिथे आता फ्लॅटच्या जाहिराती आहेत. त्याची तक्रार नाही, माणसांना घरं लागतात. एका चौकात मात्र मी रिक्षा थांबवायला लावली. तिथे सुशोभीकरणाच्या आराखड्याचा भलामोठा फलक होता. तो कोणी लावला ते इथे लिहीत नाही. कोणाला नाव घेऊन कोपऱ्यात उभं करायची इच्छा नाही. चित्रात मधोमध एक तोफ, तिच्यामागे चबुतऱ्यावर चढवलेलं लढाऊ विमान, कारंजं, सेल्फी पॉइंट. खाली कॅम्पाचा इतिहास दहा-बारा ओळींत. इंग्रजांची छावणी आली, गोऱ्या पलटणींचा मुक्काम आला, लॅम रोडची आरोग्यभवनं आली, तोफखान्याची शाळा आली. ७ ऑगस्ट २०२० ला इथून दानापूरला सुटलेली देशातली पहिली किसान रेलसुद्धा आली, आणि ती आली याचा मला शेतकऱ्याचा पोरगा म्हणून आनंदच आहे. पण फाळणीनंतर चार दशकं याच गावात भारतीय सेनेचे जवान शत्रूचं विमान हुडकायला आणि पाडायला शिकत होते, त्याबद्दल त्या फलकावर एक अक्षर नव्हतं.

त्या शिकणाऱ्यांत मी होतो. माण तालुक्यातल्या एका गावातून १९७९ साली तोफखान्यात भरती झालो. विमानवेधी पलटणी त्या वेळी तोफखान्याचाच भाग होत्या. नाशिक रोडला रंगरुटी झाली, आणि पुढे रडारच्या कोर्ससाठी देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरीच्या एअर डिफेन्स विंगमध्ये आलो. मग पंजाबातल्या विमानतळांभोवती तोफांच्या खड्ड्यांत वर्षं गेली, आणि १९८६ ला उस्ताद म्हणून पुन्हा इथेच बदली झाली. माझी थोरली मुलगी कॅम्पात जन्मली. १९८९ साली विंग इथून उचलून ओडिशातल्या गोपालपूरला गेली, तेव्हा पेट्या बांधणाऱ्यांत मी होतो. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तुमच्याकडे मागणी करण्याचा माझा अधिकार एवढाच.

आता ही शाळा काय शिकवत होती ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर माझी मागणी म्हाताऱ्याचा हट्ट वाटेल.

विमान पाडण्यात नेमापेक्षा हिशेब जास्त असतो. ताशी नऊशे किलोमीटरने येणारं विमान एका सेकंदात अडीचशे मीटर सरकतं. आमच्या ४० मिलिमीटरच्या एल-७० तोफेचा गोळा तीन किलोमीटर अंतर कापायला चार-एक सेकंद घ्यायचा. म्हणजे तोफ विमानावर रोखून डागली, तर गोळा तिथे पोहोचेपर्यंत विमान किलोमीटरभर पुढे निघून गेलेलं असे. ते चार सेकंदांनी जिथे असेल तिथे आत्ता गोळा सोडायचा. ती जागा कोणी सांगायची? आमच्या काळात ते काम सुपर फ्लेडरमाउस नावाच्या स्विस बनावटीच्या रडारचं होतं. आम्ही त्याला एसएफएम म्हणायचो. चाकांच्या ट्रेलरवर बसवलेली गोल तबकडी, पोटात ॲनालॉग गणकयंत्र, आणि बाजूला जनरेटरची अखंड घरघर. आधी तबकडी फिरवून आकाश धुंडाळायचं. स्कोपवर, म्हणजे रडारच्या पडद्यावर, ठिपका दिसला की त्याचं अंतर आणि दिशा पकडून त्याला लॉक करायचं. लॉक झालं की तबकडी आपणहून विमानाच्या मागे वळायची, गणकयंत्र पुढची जागा काढायचं, आणि केबलमधून आलेल्या आकड्यांवर तोफा वळायच्या. तोफेवरचे जवान गोळे भरत राहायचे. ते ज्या विमानावर मारा करत होते ते त्यांना पुष्कळदा दिसतही नसे.

ऐकायला हे सोपं वाटतं. शिकताना पहिले काही आठवडे डोंगरच आमचा घाम काढायचे. देवळालीच्या पश्चिमेला सह्याद्री आडवा पसरलाय. अंजनेरी, ब्रह्मगिरी, फायरिंग रेंजच्या अंगाचा बहुला, हे सगळे स्कोपवर जाड जाड डाग होऊन बसायचे. त्या डागांच्या गर्दीतून एक हलणारा बारीक ठिपका उचलायचा. नवशिका पोरगा हमखास डोंगर लॉक करायचा, आणि उस्ताद विचारायचे, "काय रे, अंजनेरी कितीच्या स्पीडने येतंय?" मग मैदानाला फेऱ्या. पुढे उस्ताद झाल्यावर तोच प्रश्न मीही विचारला, हे कबूल करायला हरकत नाही.

सरावासाठी नाशिकजवळचं ओझर आमच्या मदतीला होतं. १९६४ पासून तिथे एचएएल या सरकारी विमान कंपनीचा मिगचा कारखाना आहे. नवं किंवा दुरुस्त झालेलं मिग चाचणीसाठी वर गेलं की आमच्यासाठी ते फुकटचं लक्ष्य. त्या वैमानिकांना कल्पना नसेल, पण दारणा नदीकाठच्या माळावर बसून आम्ही त्यांना कितीदा तरी पाडलंय, अर्थात कोरड्या तोफांनी. पावसाळ्यात जोडण्यांत ओल शिरायची, रडार रुसायचं, आणि ईएमईचे, म्हणजे सेनेच्या यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचे, मेकॅनिक रात्रभर कंदिलासारखी टॉर्च धरून आत शिरलेले असायचे. त्यांचं नाव तर कुठल्याच गोष्टीत येत नाही.

रडारला ठिपका दिसतो, तो आपला की परका हे शेवटी माणसानेही ओळखावं लागतं. म्हणून विमान-ओळख हा विषय रोज असायचा. सेबर, स्टारफायटर, मिराज एकीकडे. नॅट, हंटर, मिग दुसरीकडे. खालून, समोरून, कुशीवरून. भिंतीवर टांगलेल्या पत्र्यांवर ही विमानं काळ्या रंगात काढलेली असत, आणि उस्तादाने पत्रा दोन सेकंद दाखवून उलटा केला की नाव सांगायचं. चुकलं तर आपलंच विमान पडलं असं समजायचं. ते पत्रे रंगवणारा माणूस भगूरचा होता. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा मूळ धंदा. १९८३ च्या जानेवारीत पाकिस्तानला पहिली एफ-१६ मिळाली, तेव्हा एका मासिकातलं टिचभर चित्र समोर ठेवून त्याने कागदावर चौकोन आखले आणि वीतभर रुंद, तीन बाजूंनी, हुबेहूब एफ-१६ काढून दिलं. आमच्या बॅचच्या कितीतरी पोरांनी ते विमान पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या कुंचल्यातून. या खेपेला त्याचं दुकान शोधलं. तिथे फ्लेक्सची छपाई चालते. चालवणारा नातेवाईक निघाला, पण पत्र्यांबद्दल त्याने काही ऐकलेलं नव्हतं. चौकातला तो इतिहासाचा फलक त्याच्याकडेच छापला गेला होता की काय, हे विचारायचा मोह मी आवरला.

आता मुद्द्यांवर येतो.

पहिली गोष्ट म्हणजे देवळालीतला विमानवेधी शिक्षणाचा इतिहास आज कोणाचाच राहिलेला नाही. तोफखाना आपला इतिहास जपतो आणि उत्तम जपतो. त्याबद्दल कॅम्पात बोट ठेवायला जागा नाही. पण १० जानेवारी १९९४ ला एअर डिफेन्सची कोअर तोफखान्यापासून वेगळी झाली. विंग त्याआधीच गोपालपूरला गेलेली होती. तोफखान्याच्या लेखी आम्ही वेगळी निघालेली भाऊबंदकी, गोपालपूरच्या लेखी देवळाली म्हणजे सोडून आलेलं गाव, आणि गावाच्या लेखी सगळेच 'मिलिटरीवाले'. मधली चाळीस वर्षं या तिघांच्या मधल्या बांधावर पडली आहेत. सेनेने काय करावं हे मी सांगणार नाही, तो माझा मान नाही. पण गावाने काय लक्षात ठेवावं हे गावाच्या कारभाऱ्यांना विचारायचा मला हक्क आहे.

गोपालपूरला जाण्याचा निर्णय चुकला असंही माझं म्हणणं नाही. विमानवेधी तोफेला डोक्यावर मोकळं आकाश लागतं आणि गोळे पडायला खाली माणूस नसलेली जागा लागते. समुद्र दोन्ही देतो. देवळालीला दारणा आहे.

दुसरी गोष्ट नागरी माणसांची. शाळा लष्कराची होती, पण ती चालवायला गाव लागायचं. धोबी, शिंपी, मेसमधले वाढपी, भाड्याने खोल्या देणाऱ्या भगूरच्या आणि संसारीच्या बाया, सायकली भाड्याने देणारे, कोर्स संपल्यावर बॅचचा फोटो काढणारा स्टुडिओवाला. विंग गेली तेव्हा आमची बदली झाली, त्यांची झाली नाही. माझ्या घरमालकिणीने खोली रिकामी करताना विचारलं होतं, "आता कोण येणार?" तिला मी काही उत्तर दिलं नव्हतं. या लोकांपैकी जे आहेत ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या तोंडून कोणी काही उतरवून घेतलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही, आणि या कामाला फार वर्षं उरलेली नाहीत.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि इथे माझा स्वार्थ आहे. मुलीच्या जन्माची नोंद कॅम्पात झाली. काही वर्षांपूर्वी तिला परदेशी जाण्यासाठी नव्याने दाखला लागला, तर आम्हाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर धाडण्यात आलं. जुनं रजिस्टर 'दुसरीकडे' असल्याचं प्रत्येक जण सांगायचा. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे कोणी सांगेना. कार्यालयाचं नाव घेत नाही. दाखला अखेर मिळाला, कारण एका वृद्ध कारकुनाला कपाट माहीत होतं. तोही आता निवृत्त झाला असेल. कॅन्टोन्मेंटचा कारभार बदलतो आहे म्हणून मला काळजी वाटते. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची जुनी पुस्तकं, १९३७ च्या नियमांप्रमाणे ठेवलेलं जमिनीचं जनरल लँड रजिस्टर, बंगल्यांचे नकाशे, यांत फक्त मालमत्ता नाही. इथे कोण राहिलं, कोण जन्मलं, कोणत्या वर्षी कोणत्या गल्लीत किती बिऱ्हाडं होती, हे दुसऱ्या कुठल्याही कागदावरून काढता येणार नाही. दोन कार्यालयांच्या देवघेवीत मालमत्तेच्या फायली नीट पोहोचतात, कारण त्यांच्यामागे वकील असतात. बाकीचे गठ्ठे गोदामात जातात, आणि गोदामं पावसाळ्यात गळतात.

चौथं, इमारती. कॅम्पातले कित्येक जुने बंगले 'ओल्ड ग्रँट'चे आहेत, म्हणजे १८३६ च्या गव्हर्नर जनरलच्या आदेशातून आलेल्या अटींवर: जमीन सरकारची, वरचं बांधकाम राहणाऱ्याचं. या अटींमुळे रहिवाशांना धड विकताही येत नव्हतं आणि धड दुरुस्तही करता येत नव्हतं, हे मला मान्य आहे. त्यांना मोकळीक मिळावी. पण मोकळीक मिळालेल्या दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो, हा अनुभव नाशिककरांना सांगायला नको. वाचवण्यासारखं काय आणि पाडण्यासारखं काय, हे कोणीतरी आधी ठरवलेलं असू द्या. वडाच्या जुन्या झाडांचंही तेच.

आणि आता तो आराखडा. तोफ ठेवा, हक्काची आहे. विमान ठेवायलाही माझी ना नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून निवृत्त झालेलं मिग-२१ ज्या जिल्ह्यात बनलं त्या जिल्ह्यात ते चौकात दिसलं तर शोभेल. पण देवळालीत आम्हाला लढाऊ विमानं उडवायला शिकवलं नाही, ती पाडायला शिकवलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत चबुतऱ्यांवर रणगाडे आणि विमानं चढलेली आहेत. आणखी एक चढवून देवळालीची ओळख काय होणार? रडारची तबकडी ठेवली, तर जाणारा-येणारा निदान विचारेल, हे काय आहे आणि इथे का आहे.

'लोकांना रडारमधलं काय कळणार' असं मला कॅम्पातच एकाने ऐकवलं. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानी ड्रोन पाडले गेले तेव्हा प्रत्येक वाहिनीवर एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या विमानवेधी तोफांची नावं चालू होती. माझ्या गावच्या पारावर लोक मला विचारत होते, "अण्णा, ती तुमचीच तोफ ना?" हो, तीच, साठच्या दशकात बोफोर्सकडून आलेली, आता नवे सेन्सर बसवलेली. पारावरच्या माणसाला कळतं, तर चौकातल्याला का कळू नये? सप्टेंबर १९६५ मध्ये अमृतसरच्या रडारवर पाकिस्तानी विमानं पुन्हा पुन्हा चालून आली आणि त्याच्याभोवतीच्या तोफांनी ती परतवली. रडार आंधळं झालं तर सगळा मुलूख आंधळा होतो, हे शत्रूला तेव्हाही कळत होतं.

गुप्ततेचा मुद्दाही निघेल. आमच्या कोर्सच्या वह्या शेवटच्या दिवशी जमा करून घेत, त्यामुळे ती सवय मी समजू शकतो. पण एसएफएम आता जगात कुठेच गुपित नाही. स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फच्या विमान आणि विमानवेधी दलाच्या संग्रहालयात ते उभं आहे, तिकीट काढून शाळकरी पोरं बघतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात क्लिंटन नावाचं छोटं गाव आहे. १९४१ साली ब्रिटिश हवाई दलाने तिथे रडारची शाळा काढली, इतकी गुप्त की 'रडार' हा शब्दही गावात उच्चारायचा नाही. युद्धानंतर ती कॅनडाच्या हवाई दलाने चालवली, आणि १९७१ मध्ये तळ बंद झाला. गावाने काय केलं? आपल्या हमरस्त्याच्या चौकात रडारची अँटेना उभारली आणि आपण रडारचं गाव असल्याचं मिरवलं. त्यांच्याकडे सह्याद्री नाही, आरोग्यभवनं नाहीत, शेजारी भगूरसारखं गावही नाही. एक अँटेना होती, ती त्यांनी लावली.

तेव्हा मागण्या अशा.

चौकाचा आराखडा अंतिम करण्याआधी तो लोकांपुढे ठेवा आणि हरकती घ्या. तोफेशेजारी मोडीत काढलेल्या एसएफएमची, ती न मिळाली तर तिच्यानंतर आलेल्या फ्लायकॅचरची तबकडी बसवण्यासाठी संरक्षण मंत्रालयाकडे रीतसर अर्ज करा. दोन्ही रडारांवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने काम केलेलं आहे, त्यांनाही विचारता येईल. निकामी तोफा आणि विमानं गावांना मिळतात, तर तबकडी का मिळू नये? खाली मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत फलक असावा. त्यावर ती कशी चालायची हे चार ओळींत लिहा, आणि १९८९ पर्यंत हे शिक्षण इथे होत होतं हेही लिहा. कोणाचंही नाव नको, माझं तर नकोच.

कॅन्टोन्मेंटची रजिस्टरं ताब्यात घेताना त्यांची यादी करून ती जाहीर करा. एकही गठ्ठा यादीशिवाय हलता कामा नये. जन्म-मृत्यूच्या नोंदी पहिल्या वर्षातच स्कॅन करून घ्या, कारण देशभर विखुरलेल्या फौजी कुटुंबांना त्या लागतात, आणि आमची माणसं वारंवार देवळालीला खेटे घालू शकत नाहीत. जमिनीच्या नोंदींची प्रत नागरिकांना वाचायला मिळेल अशी ठेवा.

नागरी भागातल्या जुन्या बांधकामांचे फोटो आणि मोजमापाचे नकाशे पाडकामाच्या परवानगीआधी काढून घेणं सक्तीचं करा. जतन करायचं की नाही तो वाद पुढे घाला, पण नोंद आधी. नाशिकमध्ये आर्किटेक्चरची मुलं शिकतात. त्यांना असं काम हवंच असतं.

आणि ज्या नागरी माणसांनी ती शाळा सांभाळली त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून कॅम्पातल्या वाचनालयात ठेवा. कोणाकडे बॅचचे फोटो असतील, कोणाच्या माळ्यावर रंगवलेला पत्रा निघेल. एफ-१६ चा तो पत्रा कोणाला सापडला तर कृपया भंगारात घालू नका.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. कारंज्याच्या खर्चात बहुतेक सगळं बसेल, असा माझा अंदाज आहे. अंदाजपत्रक फलकावर नव्हतं, नाहीतर बेरीज करून दिली असती.

आमच्यातले चार-पाच जुने ऑपरेटर आणि ईएमईचे दोन मेकॅनिक अजून चालते-फिरते आहेत. तबकडी मिळाली तर ती जोडायला, तिचे भाग ओळखायला आणि फलकाचा मजकूर तपासायला आम्ही येऊ. मानधन नको. गाडीभाडं आमचं आम्ही काढू, जेवणाचं तेवढं तुम्ही बघा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त सुभेदार, आर्मी एअर डिफेन्स
जि. सातारा